पाणी कुठवर आलं होतं?

गेल्या दोन-तीन वर्षांत बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत एक विषय सारखा निघतो: राहतं घर विकायचं आणि दुसरं घ्यायचं. कारेलीबागेत, मांजलपुरात, निझामपुऱ्यात आमच्या पिढीने ऐंशी-नव्वदच्या दशकात टेनामेंटं, म्हणजे अंगण असलेली बैठी घरं, घेतली. कोणी बँकेत, कोणी युनिव्हर्सिटीत, कोणी रिफायनरीत. आता मुलं पुण्याला नाहीतर कॅनडात, गुडघे जिन्याला नाही म्हणतात, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर तळमजल्यावर पावसाळा काढायची अनेकांची तयारीच राहिलेली नाही. आम्हीही कारेलीबागेतलं टेनामेंट विकून फ्लॅट घेतला. तेव्हापासून धाकट्या जावेपासून शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंपर्यंत अनेकजणी विचारतात, "तुम्ही कसं शोधलंत?" फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हा लेख.

पहिलं घर घेणाऱ्याला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्यांदा घेणाऱ्याला कोणी काही सांगत नाही, कारण त्याला सगळं ठाऊक असणार असं लोक धरून चालतात. त्याला ठाऊक असतंच. तीस वर्षं घर चालवलेल्या बाईला एका घराबद्दल जे कळतं ते कुठल्याही बिल्डरला कळत नाही: कुठली भिंत मे महिन्यात रात्री अकरापर्यंत गरम राहते, कुठल्या नळाला सकाळी साडेसहानंतर धार बारीक होते, पाहुणे आले की कोण कुठे झोपतं. पण सॅम्पल फ्लॅटमध्ये पाऊल ठेवलं की हे सगळं मागे पडतं. तिथले दिवे, काचेचं सरकतं दार, लहान मापाचा पलंग टाकून मोठी भासवलेली खोली. आपण पुन्हा पंचविशीतल्या जोडप्यासारखे बघायला लागतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की घर बघायला जाताना घरात राहिलेली बाई म्हणून जा, राहिलेला माणूस म्हणून जा. प्रश्न तसे विचारा.

त्यासाठी नवीन घराच्या जाहिराती बघण्याआधी जुन्या घराचं एक वर्ष कागदावर काढा. आम्ही दोघांनी हे वेगवेगळं लिहिलं आणि मग समोरासमोर ठेवलं. जानेवारीत उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, गच्ची कोणाची? एप्रिलमध्ये कुरडया-पापड कुठे वाळतात? मेमध्ये कुठल्या खोलीत बसवत नाही? जूनमध्ये गटाराचा व्हॉल्व्ह कोण तपासतं? गणपती कुठे बसतो आणि त्या दिवसांत टीव्ही कुठे जातो? नवरात्रात गाडी कुठे लावता? लग्नसराईत मागच्या पार्टी प्लॉटमधला डीजे किती वाजता थांबतो?

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर जे दिसलं त्याने आमचा शोधच बदलला. आमची पुढची बैठकीची खोली, जिच्यासाठी त्या काळी दोन घरं नाकारून हे घर घेतलं होतं, ती वर्षातून दिवाळी, हळदीकुंकू आणि मुलांच्या सुट्टीपुरती वापरात होती. मागची चोकडी, म्हणजे धुण्या-भांड्यांची उघडी जागा, मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत. भांडी तिथे, कपडे तिथे, कोथिंबीर निवडणं तिथे, कामवाल्या ताईंशी आणि शेजारच्या काकींशी बोलणं तिथे. नवीन फ्लॅटांत मोठा हॉल आणि त्याच्या टोकाला तीन फुटांची वॉश एरिया असते. वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस उभा राहायला जागा नाही. आम्ही ठरवलं की हॉल लहान चालेल, पण स्वयंपाकघराला लागून दोन पाट टाकून बसता येईल एवढी उघडी जागा पाहिजे. या एका अटीने अर्धी घरं आपोआप गळली, आणि दलालभाईंचाही वेळ वाचला.

आता पाण्याविषयी. बडोद्यात घर घेणाऱ्याने बाकी काही विचारलं नाही तरी हे विचारावं, आणि याच बाबतीत जुन्या घरमालकाला नवख्यापेक्षा जास्त कळतं.

विश्वामित्री पावागडाच्या बाजूने येते आणि वळणं घेत शहराच्या मधून जाते. वरच्या अंगाला आजवा आहे, सयाजीराव महाराजांच्या काळातलं सरोवर, ज्याचं पाणी आपले पणजोबा प्यायले. पावागड आणि आजव्याच्या परिसरात जोराचा पाऊस झाला आणि आजवा-प्रतापपुरा सरोवरांतून पाणी सोडावं लागलं की शहरात नदी चढते. शहरात पाऊस थांबलेला असतानाही चढते, म्हणून बाहेरून आलेल्यांना ते कळतच नाही. आम्ही इथले लोक पावसाळ्यात दोन आकडे बघत असतो: आजवा किती फुटांवर आणि काळाघोड्याच्या पुलाखाली नदी किती फुटांवर. २६ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला होता. दोन्ही वेळा समा, हरणी, अकोटा, मुजमहुडा, वडसर इथल्या कितीतरी सोसायट्यांत घरांमध्ये पाणी होतं आणि पाण्याबरोबर मगरीही आल्या होत्या. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीचं पात्र रुंद आणि खोल करायचं काम झालं. ते चांगलं झालं, पण घर तीस वर्षांसाठी घ्यायचं असतं. एका मोसमावर भरवसा ठेवून घेऊ नये.

घर दाखवणारा माणूस पाण्याचं नाव काढू देत नाही. "बेन, अहीं तो पाणी आवतुं ज नथी," म्हणजे इथे पाणी येतच नाही, हे वाक्य मी नदीपासून हाकेच्या अंतरावर उभी राहून ऐकलं आहे. त्याच्यावर रागवून उपयोग नाही, आपले डोळे वापरावेत. पार्किंगमधले विजेचे मीटर बघा. जुन्या जागेवर चार भोकं आणि नवे मीटर छातीच्या वर असतील तर कोणीतरी ते मुद्दाम वर चढवलेत. तळमजल्यावरच्या दारांच्या चौकटी खालून फुगल्या आहेत का, प्लायचा थर सुटलाय का, ते हात लावून बघा. भिंतीला खालच्या तीन फुटांतच ताजा रंग असेल तर विचारा. लिफ्टचा खड्डा आणि विजेचं पॅनल तळघरात असेल तर तुम्ही सातव्या मजल्यावर राहूनही पुरात सापडलात: लिफ्ट बंद, पंप बंद, म्हणजे वर पाणी नाही. खाली दुधाची गाडी थांबते तिथे, इस्त्रीवाल्याकडे, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे विचारा. त्यांना तुमच्याकडून दलाली मिळणार नाही, म्हणून ते खरं सांगतात. आणि "पाणी येतं का?" असं विचारू नका, "पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक नाही म्हणतात. दुसऱ्याला हात खाली करून दाखवतात, "इतकं."

नदी लांब आहे एवढ्यावरही थांबू नका. बडोद्यात पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या कांस आहेत, जुने तलाव आहेत, नदीची कोतरं म्हणजे घळी आहेत. त्यातल्या कितीतरी बुजवल्या गेल्या, झाकल्या गेल्या, वळवल्या गेल्या. भूखी कांस कुठून कुठे जाते हे छाणी-निझामपुऱ्याच्या बाजूला घर बघणाऱ्याने माहीत करून घ्यायलाच हवं. टीपी स्कीमचा, म्हणजे नगररचना योजनेचा, नकाशा मागून बघा. त्यात प्लॉटचा फायनल प्लॉट नंबर आणि आजूबाजूच्या पाण्याच्या वाटा दिसतात. आणि रस्ता बघा. दर वेळी डांबराचा नवा थर पडतो, रस्ता वर चढतो आणि घर आहे तिथेच राहतं. आमच्या टेनामेंटला घेतलं तेव्हा रस्त्यापासून चार पायऱ्या होत्या. विकलं तेव्हा दोनच उरल्या होत्या. म्हणून जुनं टेनामेंट किंवा ड्युप्लेक्स घेणाऱ्याने जोत्याची उंची समोरच्या रस्त्यावरून मोजावी, आतल्या अंगणातून मोजू नये.

याच कारणाने मी सगळ्यांना सांगते की दुसऱ्यांदा घर घेताय तर नव्या कोऱ्या इमारतीपेक्षा लोक दहा-बारा वर्षं राहिलेली इमारत आधी बघा. तिला दोन पूर माहीत असतात. तिची गळती बाहेर पडलेली असते, कमिटीतली भांडणंही. बीयू परमिशन (वापराचा परवाना) मिळालेली इमारत म्हणून जीएसटीही लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो साधारण ५ टक्के असतो, म्हणजे साठ लाखांच्या घरावर तीन लाख. नव्या इमारतीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे: रेराच्या कायद्यामुळे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, लिहून द्यावा लागतो. तरी दलालांच्या तोंडी अजून जिना-लिफ्टचा वाटा धरलेला सुपर बिल्टअपच असतो. चौदाशे म्हणतात आणि आतून टेप धरली की नऊशेच्या खाली. टेप घरून न्या. तुमच्या आताच्या पलंगाची, कपाटाची, देवघराची मापं एका चिठ्ठीवर लिहून न्या. जुन्या घरमालकाकडे सामान असतं, आणि त्यातलं अर्धं सोडायला त्याची तयारी नसते.

फार जुनी, लिफ्ट नसलेली चार मजली इमारत घेताना एक गोष्ट लक्षात असू द्या. गुजरातमध्ये २५ वर्षं जुन्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ७५ टक्के सभासदांच्या संमतीने होऊ शकतं. कोणाला ती संधी वाटते. मला सत्तराव्या वर्षी दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची कल्पना नको वाटते. ज्याचं वय कमी त्याने वेगळा विचार करावा.

भाड्याचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडे ज्यावर सर्वांत जास्त वाद झाला तेच सांगते: आधी विकायचं की आधी घ्यायचं? यांचं मत होतं आधी घ्यावं, मग सावकाश विकावं, म्हणजे सामान एकदाच हलेल. माझं मत उलट होतं आणि अजूनही उलटच आहे. आधी घेतलं की जुनं घर विकायची घाई होते, आणि घाई समोरच्याला लगेच दिसते. शिवाय नव्या घराचे हप्ते सुरू, जुन्याचं लाइट बिल आणि वेरा (घरपट्टी) सुरू, आणि खरेदीदार "बघतो" म्हणून गप्प. आम्ही विकलं, पैसे हातात आले, आणि मधल्या काळात वासणा-भायलीच्या बाजूला भाड्याने राहिलो. मुद्दाम तिथेच, कारण मुलाला तो भाग आवडला होता: रुंद रस्ते, नव्या इमारती, मोठे मॉल.

तो एक पावसाळा आणि एक उन्हाळा आम्हाला जे सांगून गेला ते शंभर घरं बघून कळलं नसतं. भायली, सेवासी, बिल ही गावं २०२० मध्ये महानगरपालिकेत आली, पण कॉर्पोरेशनचं पाणी, गटार, बस सगळीकडे एकाच वेळी पोचत नाही. आमच्या इमारतीत बोअरचं पाणी होतं. डाळ शिजायला वेळ लागे आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर बसे. संध्याकाळी चालायला जागा होती, भेटायला माणूस नव्हतं. यांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जायची सवय, महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेली ती जुनी लायब्ररी. भायलीहून तिथे रिक्षाने जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस. दांडिया बाजारातल्या आमच्या डॉक्टरांकडे जायलाही तसंच. मुलाची पिढी तिथे सुखाने राहील, राहतेच आहे. आम्ही मात्र जुन्या वस्तीच्या जवळच घर घ्यायचं ठरवलं, आणि ते मनातल्या हळवेपणातून नव्हे तर तिथे राहून बघितल्यावर. ज्या भागात घ्यायचं आहे तिथे आधी भाड्याने राहा, आणि शक्य असेल तर जून ते सप्टेंबर राहा. एवढा खर्च घराच्या किमतीत दिसतही नाही.

विकून पैसे हातात येतात तेव्हा कराचं घड्याळ सुरू होतं, आणि भाड्याने राहताना त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. घर दोन वर्षांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरतात. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर विकत घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर नव्या घरात घातलेल्या रकमेइतक्या नफ्यावर कर लागत नाही. विक्रीच्या आधीच्या एका वर्षात घेतलेलं घरही चालतं. रिटर्न भरायच्या तारखेपर्यंत पैसे वापरले गेले नसतील तर ते बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात राहिले तर सवलत जाते. नवं घर तीन वर्षं विकायचं नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने दर १२.५ टक्के केला आणि इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून धरणं, काढलं, पण २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला, मालक भारतात राहणारा असेल तर, इंडेक्सेशनसकट २० टक्क्यांचा जुना हिशोबही लावता येतो. दोन्हींत जो कर कमी तो भरायचा. आमच्यासारखं २००१ पूर्वीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, आणि त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून रिपोर्ट करून घ्यावा. माझा भाचा सीए आहे, त्याने हे सगळं विक्रीच्या आधीच करायला लावलं.

परदेशातल्या मुलाचं नाव जुन्या दस्तावेजात (खरेदीखतात) असेल तर सीएकडे आणखी लवकर जा. त्याला तो जुना हिशोब मिळत नाही, आणि त्याच्या वाट्यावर खरेदीदाराला कापावा लागणारा टीडीएसही वेगळा, बराच जास्त असतो. तुमचं घर पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीला जात असेल तर इथल्या मालकालासुद्धा १ टक्का कापूनच पैसे मिळतात. नवं घर घेताना तुम्ही कापायचे. दोन्ही बाजूंनी हिशोब ठेवावा लागतो.

पण पैशापेक्षा जास्त वेळ कागद खातात. पहिल्या घराच्या वेळी आपण दुसऱ्याचे कागद तपासतो. आता तेवढ्याच कसून कोणीतरी आपले तपासणार असतं. मी इतकी घरं अडकलेली बघितली आहेत की हे पोटतिडकीने सांगते: घर शोधायला निघायच्या आधी स्वतःच्या घराची फाइल एखाद्या वकिलाला दाखवा. घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, वारसाई झालेली नाही, पेढीनामा (वारसांची वंशावळ) काढलेला नाही, अमेरिकेतल्या नणंदेचं हक्कसोडपत्र बाकी आहे. नणंद प्रेमाने "घ्या ना दादा, मला काय करायचंय" म्हणते, पण त्या वाक्यावर दस्तावेज होत नाही. तिची पॉवर ऑफ अॅटर्नी तिथल्या वकिलातीतून होऊन येईपर्यंत चांगला खरेदीदार निघून जातो. सोसायटीचं नो ड्यूज, मूळ शेअर सर्टिफिकेट, प्रॉपर्टी कार्ड, वेऱ्याची पावती, मागच्या खोलीचं नंतर केलेलं बांधकाम मंजूर आहे की नाही, हे सगळं आधी बघा. शहराच्या काही भागांना अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतल्या घरविक्रीचा कायदा, लागू आहे. तिथे दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते आणि ती एका दिवसात येत नाही. हा वेळ बानाखतात (विक्रीच्या आधीच्या करारात) धरून ठेवा.

नवं घर शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर घ्या. गुजरातमध्ये स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर नोंदणी फी माफ होते. साठ लाखांवर साठ हजार वाचतात. पण पैशासाठी म्हणून मी हे सांगत नाही. माझ्या ओळखीत कितीतरी बायका चाळीस वर्षं घर सांभाळून शेवटी मुलाच्या घरात पाहुण्यासारख्या राहतात. दुसरं घर घेण्याची ही वेळ त्यावर बोलायची वेळ आहे, आणि नवऱ्यांनी हा विषय आपणहून काढावा असं मला मनापासून वाटतं.

सोसायटीच्या लोकांना भेटल्याशिवाय बानाखत करू नका. सेक्रेटरीला नव्हे, समोरच्या दारातल्या बाईला भेटा. आपल्यातल्या बऱ्याच घरांत बुधवार-रविवार मासे-मटण होतं, आणि बडोद्यातल्या कितीतरी इमारतींत ते चालत नाही. कुठे नियमात लिहिलेलं असतं, कुठे नुसतं नाक मुरडलं जातं. हे सरळ विचारा. खिडक्या बंद करून, चोरून शिजवत उरलेलं आयुष्य काढू नये. मी विचारलं तेव्हा दोन ठिकाणी स्पष्ट नाही म्हणाले. मी त्यांचे आभार मानले, कारण ते आत जाऊन कळण्यापेक्षा दारात कळलेलं बरं. गच्ची सर्वांची आहे की वरच्या मजल्यावाल्याने कुलूप घातलंय, हेही बघा. उत्तरायणाला नातवंडं येतील तेव्हा गच्चीच्या किल्लीसाठी कोणाच्या दारात उभं राहायला लागू नये. वरच्या मजल्यावर घेत असाल तर स्लॅबवर चायना मोझेक, म्हणजे फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर, आहे का आणि तो फुटलाय का ते बघा. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश झाले की त्याचं महत्त्व कळतं.

शरीराचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना सगळ्यांना जरा वाईट वाटतं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, बाथरूमच्या दारातून वॉकर जातो का, संडासात हात धरायला बार लावता येईल अशी भिंत आहे का. घर बघताना ही मापं घ्या आणि घरी जाऊन बोला. आणि घर कितव्याही मजल्यावर असलं तरी विमा घ्या. एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो.

शेवटचं विकण्याबद्दल, कारण दुसऱ्यांदा घर घेणारा माणूस एकाच वेळी विकणाराही असतो. आमचं टेनामेंट बघायला एक तरुण जोडपं आलं. पहिलंच घर. मुलीला अंगण आवडलं, पेरूचं झाड आवडलं, ती पाण्याचं काहीच विचारेना. मी तिला आतल्या भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. २०१९ ला पाणी ओटल्याच्या वरच्या पायरीपर्यंत होतं, २०२४ ला आत गुडघाभर, आणि कपाटाच्या लाकडावर ती रेघ अजून दिसते. गटारातून पाणी उलटं येऊ नये म्हणून बसवलेला व्हॉल्व्ह दाखवला, पावसाळ्यात फ्रिज कशावर चढवतो ते सांगितलं. यांचा चेहरा उतरला होता. त्या दोघांनी आठवड्याने फोन केला आणि किंमत दोन लाखांनी कमी मागितली. यांना ते लागलं. मी म्हटलं, आपण दारोदार हाच प्रश्न विचारत फिरतोय, आणि खरं उत्तर देणारा भेटला की आपल्याला किती बरं वाटतं. आपल्या दारात आलेल्याला आपण खोटं कसं सांगायचं? ते दोन लाख आम्ही सोडले. तुम्हालाही सोडावे लागतील असं समजा, आणि ती रक्कम सुरुवातीलाच विक्रीच्या किमतीतून वजा करून नव्या घराचं बजेट ठरवा. म्हणजे त्या फोनच्या दिवशी घरात भांडण होत नाही.